कडेला बसू नये

१

राम देवकाते पहिल्या पाळीवरून घरी आला की हातपाय धुऊन जेवायचा, आणि जेवण झालं की मागच्या खोलीशी बसून शिट्ट्या वाजवायचा. भवानीनगरच्या त्या आळीला आता याची सवय झाली होती. आधी जमिनीतून यावी तशी घूंऽऽ, मग चढत चढत पार कुत्र्यांनी कान टवकारावेत अशी चींऽऽ. शेजारची साखरबाई भिंतीवरून विचारायची, "माधवे, तुज्या नवऱ्याला कारखान्याचा भोंगा पुरत न्हाय व्हय गं?"

"न्हाय वो मावशी," माधवी म्हणायची, "त्यांनी आपला सोताचा भोंगा काढलाय."

राम कारखान्यात काटे तपासायचा. वाफेचे, उष्णतेचे, टाक्यांच्या पातळीचे. या कामानं त्याला एक खोड लावली होती. हाताला गार लागणारी नळी काट्यानं तापलेली दाखवली, तर तो हातालाच खोटं ठरवायचा. माणूस चुकतो, काटा चुकत नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान, आणि ते त्याला आजवर पुरलं होतं.

शिट्ट्या ज्यांतून निघत ते दोन स्पीकर त्यानं स्वतः केले होते. स्पीकर म्हटलं की डोळ्यांपुढं लाकडी खोकं आणि त्यातला कागदी भोंगा येतो. इथं तसलं काही नव्हतं. माणूसभर उंचीच्या दोन सागवानी चौकटी, आणि त्यांत ताणून बसवलेला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ प्लॅस्टिकचा पडदा. पडद्यावर बारीक तार वरखाली चिकटवलेली, मागं लोहचुंबकांच्या रांगा. गाणं लागलं की अख्खा पडदाच थरथरायचा. खोकं नसल्यामुळं आवाज पुढं जायचा तेवढाच मागंही जायचा. कडेला मात्र काही नाही. चौकटीच्या कडेशी उभं राहिलं की पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकायचे. बोलता माणूस अचानक गप्प व्हावा तसं वाटायचं. एक पाऊल समोर सरकलं की तो पुन्हा बोलायला लागायचा.

हा सगळा खटाटोप त्यानं गाण्याच्या शौकापायी केलेला नव्हता. त्याला त्याची आई परत हवी होती.

२

आई तशी घरातच होती. पण बाप गेल्यापासून वर्षभर सारजाबाई भिंतीकडं तोंड करून पडायची. दिलं तर चार घास, विचारलं तर हूं. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, आणि सगळं ठीक आहे असं सांगून घरी पाठवलं. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि राम ते बघत होता.

बाप गेणबा. घरची मेंढरं केव्हाच गेली, कालव्याचं पाणी आलं, मेंढरं कोंडायच्या वाघराच्या जागी ऊस उभा राहिला, पण गेणबाचा गळा धनगराचाच राहिला. त्याचं सुंबरान ऐकायला कळंबपासून माणसं यायची. सुंबरान म्हणजे देवाची कथा, थोडी गायची, थोडी सांगायची. गेणबानं ओळ टाकायची आणि त्याचा जोडीदार दत्तोबा यानं तिचं शेपूट उचलायचं. घरी दत्तोबा नसायचा, तेव्हा ते शेपूट चुलीपुढून सारजा उचलायची. बाईमाणसानं चारचौघांत गायची रीत नव्हती, पण घरात कोण विचारतो? रामचं सगळं लहानपण त्या दोन आवाजांच्या मधे गेलं.

शेवटच्या दुखण्यात गेणबानं खाटेवर बसून एक कॅसेट भरून दिली. एकट्यानंच गायला. प्रत्येक ओळीनंतर सवयीनं थांबायचा, जोडीदारासाठी जागा सोडायचा, आणि पुढं जायचा. ऐन रंगात कॅसेट संपली. "ऱ्हायल्यालं उद्या," तो म्हणाला. उद्याच्याला त्याची वाचा गेली.

दिवस घातल्यावर रामनं ती कॅसेट घरच्या टेपवर लावली. डब्यात कोंडल्यासारखा आवाज आला. सारजाबाईनं दोन ओळी ऐकल्या.

"ह्ये त्ये न्हवंत," ती म्हणाली. "बंद कर."

आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी रामनं ठरवलं, की बापाचा आवाज जसा होता तसा या घरात उभा करायचा.

३

पडदे तयार झाले आणि रामचं तोंड उतरलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं आवाज मोजायचं मीटर त्यानं खोलीत ठेवलं, घूंपासून चींपर्यंत शिट्टी चढवत नेली, आणि कागदावर जी रेघ उमटली ती बघून त्याला रडू यायचं बाकी राहिलं. सरळ यावी ती रेघ मेल्या विंचवासारखी वाकडी. खालचा घुमारा जवळजवळ नाहीच, वर नुसते उंचवटे आणि खळगे. खुर्ची वीतभर सरकवली तर वेगळीच रेघ. बारामतीच्या रेडिओवाल्या दुकानदाराला त्यानं कागद दाखवला. तो म्हणाला, "देवकाते, ह्याच्यापेक्षा माझ्या शंभर रुपयांच्या डब्याची रेघ बरी येईल."

"अवं, पण वाजवून तरी बघा की," माधवी म्हणाली. "कागदाला काय कान असत्यात?"

राम म्हणाला, आधी रेघ सरळ होऊ दे. जमिनीवरून उसळणारा आवाज घोळ करत होता, हे त्याला मोजून कळलं होतं. सतरंजी टाकून बघितली, गोधडी टाकून बघितली. शेवटी माळ्यावरून बापाचं काळं घोंगडं काढलं आणि पडदे आणि खुर्ची यांच्या मधे अंथरलं. लोकर आवाज पिते. रेघ बरीच शहाणी झाली. राम खूश झाला आणि घोंगडं तिथंच राहू दिलं.

मग एका दुपारी माधवीनंच त्याच्या हातातून कॅसेट घेतली आणि लावली.

काय सांगावं? राम दारातच थबकला. आधी गेणबाचा श्वास आला. मग घसा खाकरणं, खाटेची सुंभाची दोरी करकरणं, आणि मग तो गळा. स्पीकरमधून आवाज येतोय असं वाटतच नव्हतं. दोन्ही चौकटींच्या मधे, जमिनीपासून बसत्या माणसाच्या उंचीवर, गेणबा गात होता. ओठ ओला करून पुढचा शब्द घेतलेला ऐकू येत होता. रामला आपल्या हातांचा असा अभिमान आयुष्यात वाटला नव्हता, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती. त्या वाकड्या रेघेत हे सगळं कुठं होतं, कोण जाणे.

पाठीमागं पावलं वाजली. सारजाबाई उठून, भिंत धरत धरत, दारापर्यंत आली होती. पदर सावरून तिनं डोक्यावर घेतला.

"कवा आलं?" तिनं चौकटींच्या मधे बघत विचारलं.

४

त्यानंतर घराला कळा आली. सारजाबाई रोज दुपारी खोलीत येऊन खुर्चीवर बसायची. कॅसेटमधला गेणबा ओळ टाकून थांबला की सोडलेल्या जागेत बारीक आवाजात शेपूट उचलायची. संध्याकाळी भाकरी मागून घ्यायची. माधवीनं माहेरी काटेवाडीला निरोप धाडला, की आत्याबाई खात्यात आता. रामला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

मोजायची खोड मात्र जाईना. एवढं गोड वाजतं ते कागदावर का दिसत नाही, ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना. आपलं अंग मोजमापात येऊ नये म्हणून तो खोलीबाहेर, पडवीत बसायचा, खिडकीतून वायरी घ्यायचा, खोली रिकामी ठेवायचा आणि दार ओढून घ्यायचा. घोंगड्यासारखा माणूसही आवाज पितो. माधवी खुर्चीवर बसली की रेघेत वरच्या अंगाला एक खळगा पडायचा. आई बसली की तिथंच, पण जरा लहान. आता रामला खळगा बघून कोण बसलंय ते सांगता यायचं, आणि या कलेवर तो मनातून खूश होता.

एक दिवस रिकाम्या खोलीच्या रेघेत खळगा आला.

माधवीचा नव्हे, आईचाही नव्हे. त्यांच्याहून मोठा, चांगल्या जाडजूड माणसाचा. राम उठून खिडकीतून बघून आला. खुर्ची रिकामी, खोली रिकामी. दमट हवा असेल. विजेचा दाब कमीजास्त झाला असेल. त्यानं वायरी काढून पुन्हा लावल्या. कॅसेट लावायच्या आधी मोजलं, तर रेघ स्वच्छ. दुपारी आईचं गाणं होऊन ती उठून गेल्यावर मोजलं, तर खळगा हजर. दुसऱ्या दिवशी तसंच. राम आत गेला आणि घोंगड्यापाशी उकिडवा बसला. मधोमध लोकर चेपली होती, आणि हात लावला तर ती जागा उबदार होती. ऊन खिडकीतून येत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खिडकी उत्तरेला होती, हे त्याला उठता उठता आठवलं.

त्याच आठवड्यात कळंबहून दत्तोबा आला, गेणबाचा जोडीदार. जोडीदाराचा आवाज ऐकू येतो म्हणून सायकल मारत आला होता. पहिली ओळ ऐकली आणि म्हाताऱ्यानं डोईचं पटकुर काढून हातात घेतलं.

"गेणबा, लेका," तो म्हणाला, आणि चौकटीमागं बघायला गेला. तिथंही तोच आवाज. मग कडेला आला, तर आवाज गेला. पुढं झाला, आला. मागं गेला, आला. कडेला, गेला.

"कडंला बसल्यालं तुज्या बालाबी कवा आवडलं न्हाय," दत्तोबा हसत म्हणाला. "म्हनायचा, म्होरं बसा रं, मला तोंडं दिसू द्या." आणि मग त्याचं लक्ष खाली गेलं. हसू मावळलं. "ह्ये घोंगडं कुनी हातरलं?"

"मीच, तात्या. आवाज उसळतो जमिनीवरनं, म्हणून."

"आन उचालतोस कवा?"

"उचलायचं कशाला? हाय तितंच बरं."

दत्तोबानं त्याच्याकडं असं बघितलं, की रामला आपण शाळकरी पोर असल्यासारखं वाटलं. "आरं, धनगराचा ना तू? सुंबरान मांडलं की घोंगडं हातरायचं, त्ये देवाला न्हायतर गेलेल्या मानसाला बसाया. सुंबरान सरलं की भंडारा टाकून झाडायचं, घडी घालायची, म्हंजी बसल्यालं उठून जातंय. तू रोज मांडतुयास, अर्ध्यात तोडतुयास, आन घोंगडं तसंच! बसल्याल्यानं उठायचं तरी कवा, आं?"

रामला हे ठाऊक होतं. लहानपणापासून डोळ्यांदेखत घडलेलं होतं. पण मीटर लावून बसल्यावर घोंगडं त्याच्या लेखी नुसती लोकर झाली होती.

५

संध्याकाळी घोंगडं उचलायला तो वाकला, तर मागून आईचा आवाज आला. "ऱ्हाऊ दे."

"आये, दत्तोबातात्या म्हणत्यात..."

"दत्तूला काय कळतंय? अर्ध्यातनं उठवतुयास व्हय बापाला?" ती शांतपणे म्हणाली. "सरू दे एकदा. सरलं की मी उचालते."

"सरंल कसं, आये? कॅसेट तेवढीच हाय."

रामनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. गालांवर मांस आलं होतं, डोळ्यांत जिवंतपणा होता. हे घोंगडं उचललं तर ती पुन्हा भिंतीकडं वळेल, या एका भीतीपुढं दुसऱ्या कुठल्याच भीतीचं काही चाललं नाही. घोंगडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं डोईवरून अंघोळ केली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. कपाळ रिकामं होतं, त्यावर भंडारा लावला. देव्हाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी उचलली आणि खोलीत जाऊन बसली. राम टेपच्या यंत्रापाशी, डाव्या चौकटीच्या कडेला उभा होता. इथं त्याला कॅसेटचा आवाज नीटसा यायचा नाही, म्हणून तो आईच्या तोंडाकडं बघूनच काय चाललंय ते ओळखायचा. ओठ हलले की समजायचं, ओळ संपली.

निम्म्यात लाईट गेली. यंत्रावरचा तांबडा दिवा विझला. टेपची चाकं थांबली. राम म्हणणार होता, "आये, आली लाईट की परत लावतो." पण आईचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. मधे ती मान डोलावून ऐकत होती.

एकटीच गात असेल, रामनं मनाशी म्हटलं. सवय आहे. मग त्याला पडदा दिसला. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तो थरथरत होता.

वारा, राम म्हणाला. खिडकी बंद होती. त्यानं यंत्राची वायर उपटून हातात घेतली. पडदा थरथरतच होता. कडेला सगळं शांत होतं, आपल्याच कानांतलं रक्त ऐकू येत होतं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं.

गेणबा गात होता. रामनं कधीच न ऐकलेला कथेचा भाग होता तो. दुखण्याआधीचा, भरदार, माळावर अर्ध्या कोसावरनं ओळखू यावा असा गळा. ओळ टाकून तो थांबला, आणि सारजानं शेपूट उचललं, चुलीपुढून उचलायची तसं. असं सुंदर गाणं रामनं जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला होता. घोंगड्याकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की काळ्या लोकरीवर काळंच काहीतरी मांडी घालून बसलंय, आणि आई त्याच्याकडं बघून हसतेय. नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली बाई, नव्या नवरीसारखी लाजून हसत होती.

राम पाऊल मागं घेऊन कडेला आला. तिथं काही ऐकू येत नव्हतं. तो डोळे मिटून, वायर मुठीत धरून, तसाच उभा राहिला.

डोळे उघडले तेव्हा आई भंडारा टाकून घोंगडं झाडत होती.

"सरलं?" त्यानं विचारलं.

"सरलं," घडी घालत सारजाबाई म्हणाली. "लई ग्वाड सरलं."

६

राम दोन दिवस जीव मुठीत धरून होता. पण आई भिंतीकडं वळली नाही. उलट पहाटे उठून अंगण झाडायला लागली, साखरबाईला भिंतीवरून टोमणे मारायला लागली, माधवीच्या कालवणात मीठ कमी आहे म्हणून सांगायला लागली. माधवीला तर हे माहेरपण वाटत होतं.

"आत्याबाईंचा आवाज कसा खणखणीत झालाय," ती एकदा म्हणाली. "घरात कुठंबी बोलल्या तरी जवळच बसल्यागत वाटतंय. मला तर कवाकवा कळतच न्हाय, म्होरनं बोलल्या का मागनं."

रामनं ते ऐकलं आणि त्याला बरं वाटलं. सगळं मार्गी लागलं होतं. घोंगडं माळ्यावर गेलं, आता शेवटचं एकदा मोजून बघू आणि मीटर ठेवून देऊ, असं त्यानं ठरवलं. रिकाम्या खोलीची रेघ काढली. खळगा नव्हता. रामनं मोठा श्वास सोडला.

"आये, जरा बस की खुर्चीवर. तुजी रेघ काढतो."

"काढ बाबा," म्हणत ती शेंगांचं सूप मांडीवर घेऊन बसली. राम पडवीत गेला, शिट्टी चढवत नेली, आणि रेघ बघितली.

ती रिकाम्या खोलीची रेघ होती.

त्यानं खिडकीतून बघितलं. आई खुर्चीवर बसली होती. शेंगा फोडत होती. टरफलं खाली पडत होती. त्यानं पुन्हा मोजलं. मग माधवीला हाक मारून आईशेजारी उभं केलं आणि मोजलं. खळगा आला, माधवीचा, नेमका तिच्याएवढाच. माधवी भांडी घासायला गेली. त्यानं पुन्हा मोजलं. खोलीत कुणी नाही, मीटर सांगत होतं. आयुष्यभर ज्या काट्यासाठी त्यानं स्वतःच्या हाताला खोटं ठरवलं होतं, तो काटा सांगत होता.

राम आत गेला. लहानपणी भ्यायला की आईला खेटून बसायचा, तसा तो खुर्चीच्या कडेला, जमिनीवर बसला. सूप मांडीवर घेऊन ती समोर बघत काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते, हात हलत होते. रामला काही ऐकू येत नव्हतं. पडवीत माधवी भांडी घासत होती, ते ऐकू येत होतं. साखरबाईची शेळी ओरडली, तेही ऐकू आलं. हाताएवढ्या अंतरावर आई बोलत होती, आणि तिच्या कडेला सगळं शांत होतं.

तो गुडघ्यांवर सरकत, हळूहळू, तिच्या समोर आला.

"...आन तुज्या बाला काय ठावं," आईचा आवाज लागला, स्वच्छ, ओठ ओला केलेलाही ऐकू यावा इतका, "त्ये म्हनायचं, राम लई हुशार निपजला. आरं, असा काय बघतुयास? शेंगा खा."

रामनं शेंगदाणे तोंडात टाकले. ते गोड होते. आईकडं बघायची त्याला भीती वाटत होती, आणि तरी असा आवाज कुणाच्याच आईचा नसेल असं त्याला वाटत होतं. संध्याकाळी त्यानं मीटर फडक्यात गुंडाळून साखरबाईच्या पोराला खेळायला देऊन टाकलं.

रात्री जेवायला वाढताना माधवीनं नेहमीप्रमाणं त्याचा पाट आईच्या शेजारी मांडला. रामनं तो उचलला आणि समोर नेऊन ठेवला.

"का वो?" माधवीनं विचारलं.

"समोर बसलं की नीट ऐकू येतं," राम म्हणाला, आणि भाकरी मोडायला लागला.